दोन थाऊ

मक्तुमभाई टॅपेट कानानं लावतो.
स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडवर, मूठ कानाशी,
डोळे मिटून म्हणतो, बसली बघा बाई.
आणि नंदगडच्या चढाला गाडी पुन्हा
शिलाई मशीनसारखी टिकटिकते,
मागे बांधलेला लसींचा डबा तिच्याबरोबर.

गेज होतं म्हणे त्याच्याकडे.
पोरानं त्याच्या पानांनी कार्ब्युरेटर खरवडला.
आता तो दाढीचं पातं घालून बघतो.
पातं दहा शतांश जाड. मला हवेत पाच.
मिलिमीटरचे शंभर तुकडे, त्यातले पाच.

सुयांचं गेज मला झोपेतही कळतं:
तेवीस मांडीला, सव्वीस डाव्या दंडाला,
आकडा चढेल तशी सुई बारीक.
हे उलटं गणित बावीस वर्षं हातात आहे,
तरी पोलादाच्या एका पानासाठी
शनिवारी सुट्टी टाकून बेळगावला आले.

खडेबाजारात पहिल्यानं फिल्लर ऐकलं
आणि नरसाळं काढून दिलं.
दुसऱ्याकडे होतं, वीस पानांचं,
त्यातलं सगळ्यात पातळ तेवढं
बसच्या तिकिटासारखं चुरगळलेलं.
तिसरे हुद्दार. त्यांच्या पोरानं काचेवर पंखा उघडला:
दोन, तीन, चार, सगळे थाऊ.
हे इंचातलं, मी म्हटलं. मिलिमीटर इल्ला?
इल्लरी, तो म्हणाला. मग मराठीत,
घ्या की, काय फरक पडतोय.
मी उतरले पायऱ्या. चुकीचं घेऊन
व्हॉल्व्ह जाळायचा नव्हता मला.

उद्यमबागेत एका लेथच्या शेडमागे
निंगाप्पा बडिगेर बसतात, तपासणी खात्यातून रिटायर.
आधी हात धुतले. मग पुसले. मग विचारलं, एनु बेकु?
मी दोन भाषांत मिळून सांगितलं.
ते हसले, पाकिटातून पेन्सिल काढली,
दोन थाऊला पंचवीस पॉइंट चारनं गुणलं
सिगारेटच्या पुठ्ठ्यावर:
शून्य पॉइंट शून्य पाच शून्य आठ.
तेच की हे, बाई. हुद्दारांचं तेच.
आणि वरचे आठ?
ते तेलाला.

मायक्रोमीटरच्या जबड्यात त्यांनी स्वतःचं एक पान धरलं,
ओढून बघ म्हणाले.
सुटलं. नाही, अजून. अडकलं. थोडं सैल.
भाकरी तव्याला सोडत आली
की उलथन्याला जेवढी लागते ना,
तेवढीच. त्याहून जास्त नाही.
मला एकदम कळलं आणि लाजही वाटली,
खानापूरच्या बसची पाटी मी अक्षर लावून वाचत नाही,
नुसत्या आकारावरून ओळखते, रोज चढते,
आणि आकडा मात्र माझ्याच लिपीत हवा होता.

हुद्दारांचा पोर काही बोलला नाही.
एकशे ऐंशी. पानं सुटी मिळत नाहीत.
तेलकट कागदात गुंडाळून दिलं,
जाताना म्हणाला, बोटांचा घाम लागू देऊ नका, गंजतंय.

रविवारी सकाळी इंजिन थंड.
रात्रीचं दव सीटवर तसंच.
मक्तुमभाईनं मॅग्नेटोची टोपी काढली,
चाक फिरवून टीची रेघ खुणेला आणली,
रॉकर हलवून बघितला आणि पान माझ्याच हातात दिलं,
गेज तुमचं, बघा तुम्हीच.

इनटेक: गेलं, अडलं, आलं.
भाकरीइतकं.
एक्झॉस्ट: पान नुसतं पडलंच आत,
तिसरं घातलं तेही सैल.

मक्तुमभाईनं डोळे मिटले, स्वतः ओढून बघितलं,
दोनदा, तीनदा. बराच वेळ काही म्हणाला नाही.
मग नट ढिला करता करता,
माझ्याकडे न बघता,
इनटेक मात्र कानानंच लावलं होतं हं, बाई.

हो, मी म्हटलं. ते बरोबर होतं.
आणि पान्याला तेल पुसून त्याच्या हातात दिला.